राजगिऱ्याचे चोवीस वाफे

भवारी सरांना गर्दी दिसली की ते मोजायला लागत. नारायणगावच्या स्टँडवर एसटी लागली आणि लोक दाराशी तुटून पडले, की आम्ही बाकीचे प्राध्यापक आपली प्रतिष्ठा सांभाळत खिडकीतून रुमाल टाकायच्या खटपटीत असू. सर मागे उभे राहून नुसते ओठ हलवत. गाडी गेल्यावर मला सांगत, "अठ्ठावन्न चढले, एकवीस राहिले. राहिलेल्यांत पिशव्यावाले जास्त." त्या एकविसांत ते स्वतः असत, आणि त्यांच्या नादानं बहुधा मीही.

ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी इतिहास. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात महामार्गालगतच्या एका महाविद्यालयात आम्ही वर्षभराच्या अंतरानं लागलो. दोन बैठ्या इमारती, एक विहीर आणि दोन्ही इमारतींना लाजवील असं प्रवेशद्वार, एवढा त्याचा पसारा. सर मूळचे आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातले, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातले. अंगानं किरकोळ. पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशात बारीक कात्री आणि खाकी पाकिटांची चळत. त्या पाकिटांत वाळलेली रोपं असत, त्यामुळे सर शेजारी येऊन बसले की गंजीजवळ बसल्यासारखा वास येई. आठवडाभर ते वारूळवाडीत एका खोलीत राहत. बायको आणि मुलगी घोडेगावला. शनिवारी दुपारी जायचं, सोमवारी पहाटे परतायचं. पुण्याच्या एका संस्थेत त्यांच्यासाठी जागा होती, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी तोंडी तसं सांगितलं होतं, पण डॉक्टरेट हातात घेऊन या म्हणून. ती मिळाली की तिघं एका घरात राहणार होते. सर याबद्दल फारसं बोलत नसत. मुलीच्या शाळेचा विषय निघाला की मात्र म्हणत, "पाचवीला पुण्यात." मग ती पाचवीत गेली आणि सर म्हणू लागले, "आठवीला."

तालुक्याला हे काही माहीत नव्हतं. तालुक्याच्या लेखी ते जीए सर. आमच्या पट्ट्यात तेव्हा द्राक्षबागांचा जोर होता, आणि मणी फुगवायला जिबरेलिक ॲसिड वापरत. हे नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून जीए. मणी बाजरीएवढा झाला की त्या द्रावणात घड बुडवायचे, ज्वारीएवढा झाला की पुन्हा. बाया हातात द्रावणाचा मग घेऊन दिवसभर मांडवाखाली हात वर करून घड बुडवत. औषध झाडाच्या अंगात असतंच, ते बाहेरून थोडं जास्त पाजायचं, एवढाच प्रकार. पण थोडं म्हणजे किती, हे विचारायला सकाळी आठपासून स्टाफरूमच्या पायरीशी मोटारसायकली लागत. सर पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून प्रत्येकाला शंभर लिटर पाण्याचं गणित मांडून देत. पावडर पाण्यात विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवा, हे ते एका मोसमात किमान दोनशे वेळा सांगत असतील, आणि दोनशेव्या वेळी पहिल्या वेळेइतकंच शांतपणे.

पोपटराव नावाच्या एका बागायतदारानं शेजाऱ्यापेक्षा आपला मणी मोठा दिसावा म्हणून डोस दुप्पट केला. घडाचे देठ काडीसारखे कडक झाले आणि हात लावला की मणी गळू लागले. तो घड घेऊन आला आणि टेबलावर आपटून उभा राहिला. सर घड उलटासुलटा बघून म्हणाले, "पोपटराव, हे खत नाही. हा निरोप आहे. निरोप दोनदा सांगितला म्हणून काम दुप्पट होत नाही."

पोपटराव म्हणाला, "सर, आमच्या घरात दोनदा सांगितल्याबिगर ऐकतंय कोण?"

सरांना हसू आलं. मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं अशा ज्या थोड्या वेळा आहेत, त्यांतली ही एक.

त्यांचं स्वतःचं काम या सगळ्यातून उरलेल्या वेळात चाले. ते मला समजायला एक अख्खं वर्ष गेलं, कारण इतिहासात माणसं आधीच मेलेली असतात, त्यांच्यामागे फूटपट्टी घेऊन धावावं लागत नाही. एकदा विहिरीच्या कठड्यावर बसून त्यांनी मला ते सांगितलं. "आमच्याकडे भाताचं रोप टाकतात तेव्हा बी मुठीनं फेकतात. दाट उगवतं. मग त्यातली काही मरतात. कोणती मरतात हे कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष जगलेल्यांकडे. मी लहानपणापासून मेलेली बघायचो."

जागा तेवढीच असेल तर रोपं मोठी होताना काहींना मरावंच लागतं. किती मरतात आणि उरलेली प्रत्येकी किती भरतात, यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आलेखावर ठिपके मांडत गेलं की ते एका तिरक्या रेषेवर येतात. गवत असो की जंगल, त्या रेषेचा उतार जवळपास तोच. हे जगाला ठाऊक होतं. सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. हार्मोन देऊन रोपांची वाढ घाईची केली, किंवा दुसरं औषध देऊन ती खुंटवली, तर रोपं त्याच रेषेवरून फक्त लवकर किंवा उशिरा पुढे सरकतात, की रेषाच जागा बदलते? प्रश्न एवढाच. त्यासाठी महाविद्यालयाच्या मागच्या पडीक तुकड्यात त्यांनी राजगिऱ्याचे चोवीस वाफे केले होते. आठ नुसत्या पाण्याचे, आठ जीएचे, आठ वाढ खुंटवणाऱ्या औषधाचे. प्रत्येक आठांत कुठे बी विरळ, कुठे दाट, कुठे मुंगीला वाट मिळू नये इतकं दाट. दर आठवड्याला ते उकिडवे बसून रोपं मोजत, मेलेली उचलून पाकिटात घालत आणि चिमटीभर जिवंत रोपं वजनासाठी नेत.

वजन मात्र महाविद्यालयात होत नसे. आमच्याकडे उत्तम इलेक्ट्रॉनिक तराजू होता. एका मंत्र्यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं आणि तेव्हापासून तो फितीसकट प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात होता. सरांनी तो वापरायला मागितला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "अहो, तो खराब होईल." म्हणून सर शनिवारी एसटी पकडण्याआधी पाकिटं घेऊन नारायणगावात सराफाकडे जात. दुकानात मंगळसूत्रं बघायला आलेल्या बायका बाजूला सरकत आणि सोन्याच्या काट्यावर वाळका राजगिरा चढे. सराफ गमत्या होता. वजन सांगून झालं की गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "सर, घडणावळ किती लावू?"

वाफ्यांना पाणी देणं, चिमण्या हाकणं ही कामं ताराबाईकडे होती. ती महाविद्यालयात रोजंदारीवर माळीकाम करायची. पन्नाशीची, आवाज खणखणीत. सात वर्षं रोजंदारीवर होती आणि कायम होण्याची वाट बघत होती. त्याआधी ती द्राक्षांच्या विरळणीला जायची. बारीक कात्रीनं घडातले जादा मणी काढून उरलेल्यांना जागा करून देणाऱ्या बायांची एक टोळी तिच्या हाताखाली होती. अशा बाईला सरांचे दाट वाफे बघवत नसत. पिवळी पडून, मान टाकून मरणारी रोपं बघून ती म्हणायची, "सर, तुमाला पाप लागंल." सर सांगत, "मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही." ती पदर तोंडाला लावून मान डोलवायची. पुढे कळलं की या वाक्याचा तिनं वेगळाच अर्थ लावला होता. सरांकडे माणसं लावायची ऐपत नाही आणि फुकट काम सांगायची त्यांना लाज वाटते, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

दोन हंगाम नीट पार पडले. तिसरा झाला की प्रबंध लिहायचा, असं मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत त्या मार्चअखेर संपत होती आणि याआधी ती एकदा वाढवून झाली होती. डिसेंबर उजाडला. दाट वाफ्यांत रोपं मरायला लागली होती, म्हणजे सरांच्या दृष्टीनं पीक आलं होतं.

त्याच डिसेंबरात महाविद्यालयाच्या तपासणीला समिती येणार असल्याचं पत्र आलं. आमच्या प्राचार्यांना समिती म्हटलं की चुना आठवे. प्रत्येक प्राध्यापकाला एकेक भिंत नेमून दिली गेली, झाडांच्या बुंध्यांना पांढरे-लाल पट्टे मारले गेले आणि सरांच्या तुकड्याच्या कडेला 'हार्मोन संशोधन केंद्र' अशी पाटी उभी राहिली. ती त्या तुकड्याच्या मानानं इतकी मोठी होती की दोन वाफ्यांवर तिची सावली पडू लागली. सर तेव्हा दोन दिवसांच्या रजेवर, भाताच्या झोडणीला गावी गेले होते. प्राचार्य बांधावर उभे राहून ताराबाईला म्हणाले, हे जंगल असंच दाखवायचं का पाहुण्यांना? मग ते पुढच्या भिंतीकडे गेले. त्यांनी सांगितलं ते एवढंच.

रविवारी मी माझ्या भिंतीवर देखरेख करायला आलो होतो. मागं आवाज आला म्हणून गेलो, तर अकरा बाया रांगेनं उकिडव्या बसून वाफे विरळत होत्या. ताराबाईनं आपली जुनी टोळी बोलावली होती, एक दिवसाची बागेतली मजुरी बुडवून. द्राक्षाच्या विरळणीत तयार झालेले ते हात. बघत राहावं असं काम. वीतभर अंतरावर एकेक रोप, त्याभोवती भुसभुशीत माती, कडा सुतात. मी सरांकडून तासतासभर तो प्रयोग ऐकला होता. आणि मी म्हणालो, "वा, ताराबाई, आता बघण्यासारखं झालं."

मी ऐकत होतो ते किती, याचा अंदाज मला दोन दिवसांनी आला.

मंगळवारी सकाळी सर आले ते पिशवी खोलीवर न टाकता थेट वाफ्यांकडे गेले. मी मागोमाग होतो. ते बांधावर थांबले. चोवीसच्या चोवीस वाफ्यांत सारख्या अंतरावर एकेक रोप डुलत होतं. ताराबाई हातातली बादली ठेवून जवळ आली. असं तोंड मी लग्नघरात वधूच्या आईचं बघितलं आहे. दमलेलं आणि शाबासकीची वाट बघणारं.

ती म्हणाली, "लई दाटी झाली व्हती, सर. एकमेकांचा जीव घेत व्हती रोपं. सा-सात जणींनी तर पैसंच नको म्हणलं, सरांचं काम हाय म्हणून."

सरांनी वाकून एका वाफ्यातली भुसभुशीत माती चिमटीत घेतली. मग त्यांनी विचारलं, "उपटलेली कुठे आहेत?"

"औषधाच्या वाफ्यातली बांधावर टाकली. औषधाचं कोण खातंय? साध्या पाण्याच्या वाफ्यातली तेवढी बायांनी भाजीला नेली. तुमच्यासाठी डबा आणलाय."

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. म्हणाले, "बरं केलंत."

ती गेल्यावर ते बांधावरच्या ढिगाशी बसले आणि सुकलेली रोपं निवडू लागले. जीएची लांबट, फिकट. खुंटलेली बुटकी, काळपट हिरवी. त्यांचे दोन वेगळे ढीग झाले, पण कुठलं रोप कोणत्या वाफ्यातलं, दाट की विरळ, हे देवालाही सांगता आलं नसतं. दुपारी मी चहा घेऊन गेलो आणि काही निघेल का म्हणून विचारलं.

"दोन ढीग निघाले," सर म्हणाले. "तिसरा जेवणात गेला."

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "एकमेकांचा जीव घेत होती, हे तिला कळलं. माझ्या मार्गदर्शकांना समजवायला मला दोन वर्षं लागली होती." त्या वाक्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी डबा उघडला आणि आम्ही दोघांनी ती भाजी खाल्ली. लसूण घालून केलेली होती आणि चांगली झाली होती.

गुरुवारी समिती आली. तिघे होते. त्यांना ग्रंथालयात झोप येत होती, पण वाफ्यांपाशी ते जागे झाले. अध्यक्षांनी वाकून दोन ओळी न्याहाळल्या आणि ओळीतली सगळी रोपं इतकी एकसारखी कशी, असं विचारलं. सरांनी तोंड उघडायच्या आत प्राचार्य म्हणाले, "हार्मोन." अध्यक्षांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. अहवालात महाविद्यालयाबद्दल जे काही बरं लिहून आलं त्यात या वाफ्यांचा परिच्छेद सर्वांत लांब होता. प्राचार्यांनी तो टाइप करून चौकटीत लावला.

आता सरांपुढे एकच वाट होती, मुदत आणखी एका वर्षानं वाढवून मागण्याची. अर्ज प्राचार्यांच्या सहीनं जायचा आणि त्यात कारण लिहावं लागायचं. सरांनी खरं ते कारण लिहिलं. प्राचार्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बसवलं, म्हणजे सरांना बसवलं, मी सोबत म्हणून उभा. ते दुष्ट नव्हते. त्यांना खरोखर आश्चर्य वाटत होतं.

"समितीनं ज्या वाफ्यांचं लेखी कौतुक केलं, ते वाया गेले असं मी सही करून कळवू? उद्या त्यांनी विचारलं तर?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "भवारी, दोन वर्षांचे आकडे तुमच्याजवळ आहेत. तिसऱ्या वर्षी असं काय वेगळं येणार होतं?"

"तेच बघायचं होतं," सर म्हणाले.

प्राचार्यांनी दुसरी वाट सुचवली. रोजंदारीवरच्या बाईनं परवानगीशिवाय नुकसान केलं, असं लिहा. समितीच्या भेटीनंतर केलं असं लिहा. त्यावर मी सही करतो. बाईचं काय करायचं ते मी बघतो. ताराबाईची कायम होण्याची फाइल त्याच टेबलावर, आमच्या डोळ्यांसमोर होती. सरांनी ती बघितली की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी अर्ज परत घेतला, तिथल्याच कोऱ्या कागदावर नवा लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. कारणाच्या जागी 'वैयक्तिक अडचणी' एवढे दोन शब्द होते. प्राचार्यांनी लगेच सही केली.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडलो. या कारणावर विद्यापीठ शिपायाचीही रजा मंजूर करणार नाही, तुम्ही स्वतः पुण्याला जा, कुलगुरूंना भेटा, मी साक्षीदार म्हणून येतो, असं बरंच बोललो. त्यात माझा अपराधीपणा जास्त होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "गेलो तर विचारतील, कुणी केलं," ते म्हणाले. "नाव सांगावं लागेल. आणि तुम्हाला सांगू का, तिचं काम चुकलेलं नाही. एवढं सुरेख विरळलेलं मी कुठे बघितलं नाही."

एप्रिलमध्ये विद्यापीठाचं दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. सरांनी ते वाचून खाकी पाकिटात घातलं. पुण्याच्या संस्थेनं पुढच्या जूनमध्ये ती जागा भरली. मुलगी आठवीत गेली, घोडेगावलाच. ताराबाई त्याच सुमारास कायम झाली आणि तिनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांना दोन दिले.

वर्षभरानं माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात झाली. त्यानंतरच्या डिसेंबरात एका जुन्या कागदावर प्राचार्यांची सही हवी होती म्हणून मी तिकडे गेलो. प्राचार्य जेवायला गेले होते. मी मागच्या बाजूला फिरत गेलो, तर पाटीखाली वाफे होते आणि बाया रांगेनं बसून विरळणी करत होत्या. समितीच्या त्या परिच्छेदानंतर हा वार्षिक कार्यक्रमच झाला होता. कुणी पाहुणे आले की दाखवायला बरे पडत. रांगेत बायांच्या मधोमध, पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत करून, भवारी सर बसले होते. डोंगरातल्या माणसाचा हात तो, बायांच्या बरोबरीनं चालत होता. वीतभर अंतर, एक रोप ठेवायचं, बाकीची उपटून डावीकडे. त्यांनी मला बघितलं आणि मान हलवली. हात मातीचे होते.

त्यांच्या शेजारी ताराबाई होती. ती हात न थांबवता त्यांची थट्टा करत होती. "आवो सर, सायबांनी तुमाला खुर्ची दिलीया, तुमी हितं मातीत. त्या पुण्याच्या नोकरीला का गेला न्हाई तवा? सगळी म्हणत व्हती जाणार, जाणार. हितं काय कुणी बांधून ठिवलंय का तुमाला?"

बाया हसल्या. सरांनी उपटलेलं एक रोप मुळाकडून बघितलं आणि ढिगात टाकलं.

"नाही हो, ताराबाई. कुणी नाही," ते म्हणाले. "सरका पुढं. तुमची पात मागं राहतेय."